वलंदेजांना आत कोणी येऊ दिलं?



गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलाचा एक डच सहकारी आमच्या नोएडाच्या घरी चार दिवस राहून गेला. सहा फूट चार इंच उंच, दारातून वाकून आत येणारा, आमटी-भातावर मनापासून ताव मारणारा मुलगा. आला त्या दिवशी चहा झाल्यावर मी त्याचा पासपोर्ट मागितला, तशी सूनबाई माझ्याकडे बघतच राहिली. पाहुण्याकडे कागद कसले मागता? पण कायदाच तसा आहे. परदेशी माणूस हॉटेलात उतरो नाहीतर कुणाच्या घरी, यजमानाने चोवीस तासांच्या आत एक फॉर्म भरून परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. संगणकावर दहा मिनिटांचं काम. नाव काय, कुठून आलात, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार.

तो फॉर्म भरताना मला गंमत वाटली. हे प्रश्न हिंदुस्थान डच माणसाला चारशे वर्षं विचारत आलाय. तुझ्या पाठीशी कोण आहे? राहणार कुठे? किती दिवस? जाताना काय घेऊन जाणार? कागदाची नावं तेवढी बदलली. कधी फर्मान, कधी कौल, कधी दस्तक, आता ई-व्हिसा. आणि माझं असं मत झालंय की कुठल्या राज्याने यातला कुठला प्रश्न विचारला आणि कुठला विचारायचा राहून गेला, यावरून त्या राज्याची पारख करता येते. आजचा भाग त्यावरच.

आधी शब्द. आपल्या जुन्या कागदांत डचांना ‘वलंदेज’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला जे म्हणतात, त्याचंच हे मराठी रूप. शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या मध्यस्थीने आला, आणि पहिला नावाजलेला डच प्रवासीही त्यांच्याच छत्राखाली आला. यान हॉयखेन फान लिन्सखोटेन हा तरुण १५८३ साली गोव्यात उतरला तो तिथल्या नव्या आर्चबिशपच्या नोकरीत. पाठीशी आर्चबिशप, मग कोण अडवणार? पाच-सहा वर्षं गोव्यात राहून त्याने समुद्रमार्ग, वारे, बंदरं, मालाचे भाव असं सगळं टिपून घेतलं आणि १५९६ मध्ये मायदेशी पुस्तक छापलं. पोर्तुगीज या समुद्रात इतरांच्या गलबतांना ‘कार्ताज’ नावाचा परवाना घ्यायला लावत. कार्ताज नसेल तर गलबत जप्त. एवढा कडक बंदोबस्त, पण जाताना हा माणूस डोक्यात काय घेऊन चाललाय हे कुणी विचारलं नाही. त्या पुस्तकाच्या आधाराने डच जहाजं पूर्वेकडे निघाली. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या साठ वर्षांत पोर्तुगीजांचं पूर्वेकडचं साम्राज्य पोखरून निघालं.

१६१६ मध्ये पीटर फान डेन ब्रूक सुरतेला आला. सुरतेत व्यापार करायचा तर बादशहाची मंजुरी हवी. ती लगेच कुठली मिळायला! चार माणसं मागे ठेवून तो गेला, आणि पुढे शहजादा खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, याच्या गुजरातच्या सुभेदारीच्या काळात डचांचा सुरतेत जम बसला. आग्र्यालाही त्यांची वखार झाली. हे सगळं पटकन सांगतो, कारण मला तुम्हाला न्यायचंय १७११ साली.

योआन योसुआ केटेलार. जन्माने प्रशियातल्या एल्बिंगचा, बुकबाइंडरचा मुलगा. कंपनीत साध्या नोकरीवर भरती होऊन सुरतेला आला आणि चढत चढत तिथला मुख्य अधिकारी झाला. याने १६९८ च्या सुमारास डच भाषेत हिंदुस्थानी भाषेचं व्याकरण लिहिलं. आज आपल्याला माहीत असलेलं त्या भाषेचं ते सर्वांत जुनं व्याकरण. बाजारात, कचेरीत, आग्र्याच्या गल्लीत जी बोली कानावर पडली ती त्याने रोमन अक्षरांत टिपली. व्हिसा मागायला जाणाऱ्या माणसाने इतकी तयारी क्वचितच केली असेल.

१७११ मध्ये कंपनीने याला वकील म्हणून बादशहाकडे पाठवलं. औरंगजेब १७०७ मध्ये गेला होता. त्याने आणि त्याच्या आधीच्यांनी दिलेली फर्मानं नव्या बादशहाकडून ताजी करून घ्यायची होती. हा मुद्दा नीट लक्षात घ्या. फर्मान म्हणजे राज्याचा कायदा नव्हे, ती बादशहाची मेहेरनजर. बादशहा गेला की कागद लटका पडायला लागतो. मग जकातवाला म्हणतो, हे जुन्या हुजुरांचं, नव्यांचं दाखवा.

केटेलार नजराण्यांचा मोठा तांडा घेऊन निघाला. बादशहा बहादूरशहा लाहोरला, म्हणून स्वारी लाहोरला. १७११ च्या डिसेंबरात पोहोचला. दरबारात पोहोचणं आणि अर्ज मंजूर होणं यात किती अंतर असतं, हे सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या कुणालाही मी सांगायला नको. वजीर, बक्षी, मुनशी, प्रत्येकाचा मान वेगळा. या गुंत्यात डचांचा हात धरला तो एका बाईने. दोना जुलियाना दियास दा कोस्टा. पोर्तुगीज घराण्यातली, बहादूरशहाच्या जनानखान्यात वजन असलेली. तिच्या मध्यस्थीने कामं हलली. दिल्लीकरांना ही बाई ठाऊक नसली तरी तिचं नाव ठाऊक आहे. ओखल्याजवळचं सराय जुलेना आठवा. मेट्रोने, रिक्षाने रोज हजारो लोक तिथून जातात. ते नाव तिच्यावरूनच पडलं असं मानलं जातं.

आता काम होणार असं वाटत असताना फेब्रुवारी १७१२ मध्ये बहादूरशहा लाहोरलाच वारला. चार शहजादे, चारही छावणीत हजर. शहराबाहेर भावाभावांच्या लढाया पेटल्या आणि डच वकील मध्ये अडकला, आपल्या नजराण्यांसकट. त्यातून जहांदारशहा तख्तावर आला. केटेलारने अर्ज नव्याने सुरू केला. दरबार दिल्लीला हलला, त्याच्यामागोमाग हाही दिल्लीला. शेवटी फर्मानं हातात पडली आणि त्या वर्षाअखेरीला मंडळी परतीच्या वाटेला लागली. जानेवारी १७१३ मध्ये आग्र्याजवळ फर्रुखसियरने जहांदारशहाचा पराभव केला. महिन्याभरात त्याला ठार मारण्यात आलं. एवढ्या यातायातीने मिळवलेल्या शिक्क्यामागचा माणूसच उरला नाही. केटेलारची ही रोजनिशी पुढे फोगल यांनी छापली. हे फोगल आपल्या पुरातत्त्व खात्यात होते.

मुघलांनी पाठीशी कोण आहे हे विचारलं, नजराणा काय आणला हे विचारलं. बाकीचे प्रश्न त्यांना फारसे सुचले नाहीत. आपण एवढे मोठे, हे समुद्रावरचे बनिये आपलं काय करणार, हा गर्व त्यामागे होता असं मला वाटतं.

आता याच्या चौतीस-पस्तीस वर्षं मागे आणि पार दक्षिणेला चला. १६७७ सालचा ऑगस्ट. शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोहिमेवर आहेत, जिंजी हाती आली आहे. त्या किनाऱ्यावर, आजच्या कडलूरजवळ देवनामपट्टणमला, डचांचं ठाणं होतं. राज्य बदललं म्हटल्यावर त्यांचे वकील महाराजांकडे आले. त्यांत हर्बर्ट दे यागर हा विद्वान गृहस्थ होता. मागणं नेहमीचंच, जुन्या सवलती कायम करा.

महाराजांनी कौल दिला. व्यापाराला मुभा, राहायला मुभा. पण एक अट घातली. पूर्वीच्या राजवटीत तुम्ही इथून गुलाम म्हणून बायका-पुरुष विकत घेऊन नेत होतात. माझा अंमल आहे तोवर ते चालणार नाही, आणि नेऊ लागलात तर माझे लोक अडवतील, असा त्या कलमाचा आशय. या कौलाचा डच तर्जुमा त्यांच्याच दप्तरात राहिला, म्हणून आपल्याला तो माहीत.

हे कलम किती मोठं आहे हे कळायला त्या किनाऱ्याची अवस्था आठवावी लागते. सतराव्या शतकात तिथे दुष्काळ आणि लढाया एकमेकांच्या पाठीला पाठ लावून आल्या. पोटासाठी माणसं मुलं विकत, स्वतःला विकत. डच कंपनीने या किनाऱ्यावरून हजारो माणसं जहाजात भरून बटाव्हियाला आणि सिलोनला नेली. कंपनीच्या हिशेबात ती मालाची एक जिन्नस होती, कापडासारखी. जकात भरली की झालं. महाराजांनी त्या हिशेबातली एक ओळ खोडून टाकली. पत्र देताना फक्त ‘काय आणलंत’ न विचारता ‘काय घेऊन चाललात’ हे विचारणारा राज्यकर्ता त्या काळात शोधावा लागतो. तो अंमल तिथे फार वर्षं टिकला नाही आणि गुलामांचा व्यापार त्या कलमाने कायमचा संपला नाही, हेही खरं. तरी कलम आहे.

डचांशी आपला संबंध कोकणातही होता. वेंगुर्ल्याला १६३७ मध्ये विजापूरच्या परवानगीने त्यांनी वखार घातली, गोव्याच्या पोर्तुगीजांची कोंडी करायला सोयीची म्हणून. बंदराजवळ तिच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडांच्या मुळ्यांनी धरून ठेवलेल्या. पुढे तळकोकण स्वराज्यात आलं आणि वेंगुर्ल्याचे डच महाराजांच्या हालचालींच्या बातम्या बटाव्हियाला पाठवत राहिले. आज आपले इतिहासकार ती पत्रं साधन म्हणून वाचतात. माझ्यासारख्या फौजी माणसाला मात्र आधी वेगळंच दिसतं: व्यापारी म्हणून आलेला पाहुणा नियमित हेरगिरी करतोय.

आपल्या माणसांना हे दिसलं नव्हतं असं नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी त्यातला साहुकारांचा भाग तरी जरूर वाचावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या गादीसाठी लिहिलेला हा राजनीतीचा ग्रंथ. पंत आधी सांगतात की व्यापारी ही राज्याची शोभा आहे, त्याला सांभाळा, बाहेरून बोलावून आणा. आणि मग टोपीकरांकडे वळतात. पोर्तुगीज, इंग्रज, वलंदेज, फ्रेंच, सगळे एका रांगेत. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, कारण प्रत्येकाच्या मागे एकेक राजा उभा आहे. हे हट्टी आहेत, हाती आलेली जागा मेल्याशिवाय सोडणार नाहीत. म्हणून यांनी यावं, व्यापार करावा, जावं. किल्ल्यांच्या वाऱ्याला उभं करू नये. वखारीला जागा द्यावीच लागली तर समुद्राकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. आत, मोठ्या शहराच्या लगत, सखल जागी द्यावी आणि पक्कं बांधकाम करू देऊ नये.

सखल जागी! हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. चौकी कुठे बसवायची हे शिकवताना आम्हाला पहिला धडा उंच जागेचा देतात. पंतांनी तो धडा उलटा लिहिला: पाहुण्याला अशी जागा द्या की उद्या तो शत्रू झाला तर वरून आपली नजर त्याच्यावर राहील, आणि आरमाराची मदत त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. तरुणपणी मी सिक्कीममध्ये होतो. तिथे परदेशी प्रवाशाला नुसता भारताचा व्हिसा पुरत नाही, वेगळा परवाना लागतो. रांगपोच्या नाक्यावर तो तपासतात. आमच्याकडे एकदा दोन डच गिर्यारोहक वाट चुकून, परवान्यात नसलेल्या बाजूला येऊन पोहोचले. त्यांना गरम चहा दिला, पायाच्या फोडांना मलम लावलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं. ते फार नाराज झाले. ‘आम्ही फक्त डोंगर बघायला आलोय’ म्हणाले. खरंच बोलत असावेत. पण सरहद्दीवर जागा ठरवायचा हक्क पाहुण्याचा नसतो.

आता एक असा डच, जो फर्मान घेऊन आला नाही आणि आपल्यातच राहून गेला. जॉन विल्यम हेसिंग, जन्म १७३९, गाव उट्रेख्त. सिलोनमध्ये डच कंपनीच्या फौजेत नोकरी करून पुढे हा महादजी शिंद्यांच्या चाकरीत आला. १७८४ च्या अखेरीस महादजींना बादशहाकडून वकील-इ-मुतलक हे पद मिळालं. म्हणजे दिल्लीचा शिक्का कागदोपत्री बादशहाचा, पण तो उठणार शिंद्यांच्या मनाने. अशा वेळी ज्याच्या अंगावर शिंद्यांचा पोशाख, त्याला दुसरा परवाना कशाला हवा? हेसिंग लढायांत राहिला, जखमी झाला, महादजींच्या खास पलटणीचा प्रमुख झाला आणि म्हातारपणी आग्र्याच्या किल्ल्याचा अधिकारी. जुलै १८०३ मध्ये तिथेच वारला. त्याच्या बायकोने जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत त्याची कबर बांधली, लाल दगडातला छोटा ताजमहालच. नोएडाहून यमुना एक्स्प्रेसवेने गेलात तर तीन तासांत पोहोचाल. खऱ्या ताजला माणसांचा पूर असतो. इथे मी गेलो तेव्हा मी आणि राखणदार.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी, ११ सप्टेंबर १८०३ ला, पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. त्या लढाईचा स्मृतिस्तंभ आमच्या नोएडाच्या गोल्फ कोर्सवर आहे. दिल्लीचा दरवाजा त्या दिवशी मराठ्यांच्या हातून गेला. त्यानंतर कोण आत येणार हे इंग्रज ठरवू लागले. १८२४ च्या तहाने डचांनी हिंदुस्थानातली उरलीसुरली ठाणी इंग्रजांना देऊन टाकली. पहिल्या महायुद्धात पासपोर्टची सक्ती आली, १९२० मध्ये तिचा कायदा झाला, १९४६ मध्ये परदेशी नागरिकांचा कायदा आला. स्वतंत्र भारताने ते कायदे तसेच पुढे वापरले. या काळाबद्दल सांगण्यासारखं मला फारसं नाही.

पण १९४५ ते ४९ बद्दल आहे, आणि त्यात आपली मराठा पलटण आहे. जपान शरण आल्यावर इंडोनेशियाने १७ ऑगस्ट १९४५ ला स्वातंत्र्य जाहीर केलं. डचांना आपली जुनी वसाहत परत हवी होती. त्यांच्याकडे फौज नव्हती, इंग्रजांकडे होती, आणि ती बहुतेक हिंदी होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ४९ वी हिंदी ब्रिगेड सुराबायाला उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची सहावी बटालियन होती. सातारा-कोल्हापूरकडची पोरं, जपान्यांशी लढून थकलेली, आता अशा शहरात उतरवली गेली की जिथे प्रत्येक खिडकीतून गोळी येत होती. ब्रिगेडियर मॅलबी ३० ऑक्टोबरला मारला गेला. ब्रिगेडची फार मोठी हानी झाली. कुणासाठी? डचांना परत आत शिरता यावं म्हणून. कुणा हिंदी माणसाने हा हुकूम दिलेला नव्हता.

स्वतंत्र झाल्यावर दिल्लीने तो हिशेब वेगळ्या रीतीने मांडला. जुलै १९४७ मध्येच बिजू पटनाईक डाकोटा विमान घेऊन जावाला गेले आणि डच नाकेबंदीतून सुतान शारिर यांना बाहेर काढून घेऊन आले. १९ डिसेंबर १९४८ ला डचांनी योग्यकार्ता घेतलं, सुकार्नो आणि हट्टा यांना कैद केलं. त्यावर भारताने काही दिवसांतच डचांच्या केएलएम कंपनीच्या विमानांची परवानगी काढून घेतली. ॲमस्टरडॅम ते बटाव्हिया ही वाट आपल्या आकाशातून जात होती, ती बंद. २० जानेवारी १९४९ ला दिल्लीत आशियाई देशांची परिषद भरली आणि १ जानेवारी १९५० पर्यंत इंडोनेशियाला पूर्ण सत्ता द्या, अशी मुदत घालून दिली. डचांनी २७ डिसेंबर १९४९ ला सत्ता सोडली. त्यामागे अमेरिकेचा दबाव होता, संयुक्त राष्ट्रं होती, आणि सर्वांत जास्त इंडोनेशियन माणसांचं रक्त होतं. पण अवघ्या दीड वर्षाच्या देशाने, स्वतःच्या घरात काश्मीरची लढाई चालू असताना, डचांना सांगितलं की दुसऱ्याला गुलाम करायला जायचं असेल तर आमच्या अंगणातून जाऊ नका. जिंजीच्या कौलातलं कलम पंडितजींच्या टेबलावर नव्हतं. मला मात्र दोन्ही कागद शेजारी शेजारी दिसतात.

आता आजचं, कारण नेदरलँड्समधली आपली मराठी मंडळी त्यांच्या डच मित्रांसाठी विचारत असतात. डच नागरिकाला पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो: तीस दिवसांचा, एक वर्षाचा किंवा पाच वर्षांचा. अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर करावा. तशीच दिसणारी दलालांची पानं भरपूर आहेत. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी आणि दोन कोरी पानं हवीत. पाकिस्तानी मूळ असलेल्या डच नागरिकाला ई-व्हिसा मिळत नाही, त्याने दूतावासातून नेहमीचा व्हिसा घ्यायचा. सरहद्दीच्या भागांत जायचं तर वेगळा परवाना. उपग्रह फोन आणू नये. युरोपातले गिर्यारोहक सवयीने तो पिशवीत टाकतात आणि इथे विमानतळावर पोलिसांच्या ताब्यात जातात. १ सप्टेंबर २०२५ पासून जुने चार कायदे जाऊन त्यांच्या जागी एकच नवा इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. पाहुण्याची नोंद करायची यजमानाची जबाबदारी त्यातही आहे.

आणि उलट दिशेने? मी मागच्या वर्षी मुलाकडे जायला शेंगेन व्हिसाचा अर्ज केला. बँकेचे उतारे, निवृत्तिवेतनाचा कागद, मुलाचं निमंत्रण, जाण्या-येण्याची तिकिटं, किमान तीस हजार युरोचा आजारपणाचा विमा, नव्वद युरो फी, बोटांचे ठसे. खिडकीमागच्या मुलीने विचारलं, ‘काका, परत येण्याचं कारण काय लिहू?’ मी म्हटलं, घर आहे, पेन्शन आहे आणि सकाळची गोल्फ आहे. तिने ‘घर’ एवढंच लिहिलं.